वांगं फिरवत राहा

आयर्लंडमधल्या एका वस्तीत मी दोन वर्षं स्वयंसेवक होतो. अपंग प्रौढ माणसं आणि आम्ही एकाच घरात राहायचो. संचालक त्याला 'सहजीवनाचा उत्सव' म्हणत. त्यांच्या भाषणात भांडी घासण्याचा उल्लेख कधी नसे.

एका रविवारी मी जळगावच्या सवयीने भरिताचं वांगं थेट गॅसच्या जाळावर ठेवलं. आमच्याकडे ते अंगणात, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. अंगणाला छत नसतं, हे मी विसरलो. घरातल्या, माझ्या देखरेखीखालच्या एका आजोबांच्या हाती चिमटा देऊन मी कोथिंबीर आणायला बागेत गेलो, तोच धुराची घंटा किंचाळली.

सगळे हिरवळीवर जमले. आजोबा नव्हते. घंटा वाजली की ते पलंगाखाली लपत.

"आत जायचं नाही, नियम आहे," संचालक म्हणाले.

मी धावलो. पलंगाखाली कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात, दाट धुरात, आजोबा एका हाताने कान दाबून उभे होते. दुसऱ्या हातात चिमटा होता.

"भाऊ," मीच शिकवलेल्या हाकेने ते खोकत म्हणाले, "तू येईपर्यंत फिरवत राहा म्हणालास ना?"

मी गॅस बंद केला. चिमटा मात्र त्यांनी बाहेर येईपर्यंत सोडला नाही.