समुद्राचं मशीन

कुंभारीचा इलाहीबक्ष अकरा वर्षं रानात हरवलेलं सोनं शोधून देतोय. त्याआधी तो रेडिओ दुरुस्त करायचा. गुप्तधनाची गोष्ट काढणाऱ्याला तो दारातूनच वाटेला लावतो. ज्याची वस्तू हरवली तो माणूस रानात हजर हवा आणि त्या दिवशीचं काम त्यानं जसंच्या तसं करून दाखवायचं, एवढीच त्याची अट.

त्याचं जुनं डिटेक्टर मशीन उन्हाळ्यात बंद पडलं. सोलापुरात विरेशच्या दुकानात दोन मशीनं होती. एक साध्या जमिनीचं, काळ्या मातीतल्या लोहाच्या कणांना न फसणारं. दुसरं समुद्रकाठच्या ओल्या, खारट वाळूतही चालणारं, दीडपट किमतीचं.

“चाचा, सोलापुरात समुद्र कुटं हाय?” विरेश म्हणाला. “का उजनीत मोती काढायला निघालाय?”

इलाहीबक्षला पटलं. आठ दिवसांत बदलून मिळेल या बोलीवर त्यानं जमिनीचं मशीन घेतलं. घरच्या अंगणात चार बोटं खाली अंगठी पुरून पाहिली. मशीन लगेच बोललं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून बजाबाईचा निरोप आला. तिचं डोरलं हरवलं होतं. खुरपताना रानातच पडलं असेल, असं सून भुवनेश्वरी पहिल्यापासून सांगत होती. पण बजाबाईनं आधी सुनेची पेटी उपसली. पेटीत काही निघालं नाही. उपसलेल्या साड्या भुवनेश्वरीनं उचलल्याच नाहीत. चार दिवस त्या बाजेवर तशाच, आल्यागेल्याला दिसतील अशा. शनिवारी कॅनॉलचं पाणी सुटणार होतं. पाणी फिरलं की डोरलं गाळात जाणार आणि आळ सुनेच्या माथी राहणार.

इलाहीबक्ष गेला, तर बजाबाईचं रान खारावून चोपण झालेलं. वर मिठासारखा पांढरा थर, खाली ओल. मशीन पावलापावलाला किंचाळू लागलं. इलाहीबक्षनं बटण फिरवून त्याचा ताव कमी केला, तर ते अगदीच गप्प झालं. त्यानं स्वतःची अंगठी पुरून पाहिली. मशीन तिच्यावरूनही मुकाट गेलं.

“माझ्यासारकंच बहिरं झालंय की हे, इलाहीभाऊ,” बजाबाई म्हणाली.

त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“मशीन बरुबर हाय आक्का. मी चुकलो. अंगण बघून घेतलं, रान बघून न्हाय.”

शुक्रवारी सकाळी तो दुकानात हजर.

“काय चाचा, समुद्र घावला?”

“घावला. बजाआक्काच्या रानात.”

दुपारी समुद्राचं मशीन घेऊन तो बांधावर आला आणि बजाबाईला खुरपायला बसवलं. ती सरी धरून पुढं सरकली. सरी संपल्यावर थांबली, पदर ओढून मानेचा घाम पुसला.

“तितंच थांबा.”

मशीन एकदाच बोललं, बारीक आणि स्वच्छ. तीन बोटं माती काढल्यावर तुटक्या दोऱ्यासकट डोरलं निघालं.

घरी भुवनेश्वरी भाकरी थापत होती.

“घावलं गं,” बजाबाई म्हणाली.

“बरं झालं.” तिनं मान वर केली नाही. “पेटी तुमी उपसली, आता तुमीच लावा की.”

बजाबाई बाजेकडं गेली. इलाहीबक्षचा चहा संपेपर्यंत पाच साड्या पेटीत गेल्या होत्या. सहावी भुवनेश्वरीनं उलगडून तिच्या हातात परत दिली. घडी वाकडी होती.