भाईदासचं जितं पाणी

जळगावच्या एमायडीसीत केळीचे वेफर्स करणारा एक कारखाना आहे. पुढच्या अंगाला चाळीस बाया केळी सोलतात, तळणीचा खमंग वास सुटतो, येणारा-जाणारा तिथेच रेंगाळतो. मागच्या अंगाला कोणी फिरकत नाही. तिथे भाईदास असतो आणि त्याची टाकी असते.

टाकी म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल. मुरडा बापडे. पण केळी धुतलेलं चिकट, पिठूळ पाणी तसंच गटारीत सोडलं तर दोन दिवसांत कुजतं, काळं पडतं आणि पुढे कोणाच्या तरी विहिरीत उतरतं. म्हणून नियम असा की आधी पाणी निवळ करायचं, मगच वसाहतीच्या गटारीत सोडायचं. बोअरचं पाणी मिसळून पातळ केलेलं चालत नाही. पंधरा दिवसांनी एक साहेब येऊन बाटलीत नमुना भरून नेतो. नियम काय, कागदावर कोणीही लिहील. तो पाळायला माणूस लागतो, आणि तो माणूस बहुधा भाईदाससारखा असतो, जो भाजी आणायला पाठवला तर पिशवी दुकानात विसरून येतो.

भाईदास मूळचाच तंद्रीतला. टाकीच्या कठड्यावर बसायचा. तळातून हवेचे बुडबुडे वर यायचे, तपकिरी पाणी घुसळत राहायचं, हवा सोडणाऱ्या ब्लोअरची घरघर एका सुरात चालायची. बघता बघता त्याला वाटायचं की आपण होडीत बसलोय आणि कारखाना, बाया, तळणी, सगळं हळूहळू मागे चाललंय. ती घरघर थांबली की तो दचकून भुईवर यायचा.

त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव होते. ते केळीचा चीक खायचे, पीठ खायचे, खाऊन जड व्हायचे आणि तळाशी बसायचे. वर निवळ पाणी उरायचं. नऊ वर्षांपूर्वी भाईदासनेच शेण कालवून, गूळ घालून ही वस्ती वसवली होती. कारखान्याला सुट्टी असली तरी तो गुळाचं पाणी पाजायला यायचा, कारण सुट्टीत केळी नाहीत आणि केळी नाहीत तर ही मंडळी उपाशी. दुपारी डोळा लागला की ती सगळी मंडळी त्याला पंगतीला बसलेली दिसायची. पंगत लांबच लांब, दुसरं टोक दिसतच नाही, आणि हा वाढतोय.

घरी मात्र यातलं अवाक्षर नाही. बायको यशोदाबाईने आज काय केलं असं विचारलं की म्हणायचा, पाणी पाहिलं. तिला वाटायचं, आपला माणूस कारखान्यात कसली तरी टाकी भरतो. मूल नव्हतं, घरात दोघंच, आणि त्यातला एक असा मुखदुर्बळ. बाईने बोलावं तरी कोणाशी?

यंदा खंडेनवमीला कारखान्याचा मालक हितेंद्र शेठ म्हणाला, सगळ्यांनी घरच्यांना घेऊन या, यंत्रांची पूजा आहे. यशोदाबाई नवं लुगडं नेसून आली. पुढे सगळं चकाचक होतं. तळणीला झेंडूचे हार, कापणीच्या यंत्राला हळदकुंकू. भाईदासने तिला मागे नेलं, ही आपली टाकी म्हणून सांगितलं आणि तो नारळ आणायला गेला.

तिने टाकीत डोकावून पाहिलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तपकिरी गढूळ पाणी, वर फेस, ओल्या मातीसारखा उग्र वास. पुढच्या लोकांची यंत्रं आरशासारखी, आणि आपल्या माणसाची ही कळा? तीही पूजेच्या दिवशी? बाजूला फरशी धुवायच्या ब्लीचिंग पावडरचं पिंप होतं. तिने पदर खोचला. अर्धं पिंप टाकीत रिकामं केलं आणि खराटा घेऊन कडा घासघासून काढल्या.

भाईदास नारळ घेऊन आला तेव्हा फेस पांढरा झाला होता आणि नऊ वर्षांचा तो वास गेला होता. यशोदाबाई घामाने निथळत हसत उभी होती. बघा, म्हणाली, कशी लख्ख झाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग त्याने नारळ फोडला, कुंकू वाहिलं आणि तिला म्हणाला, छान झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने काचेच्या नळकांड्यात पाणी भरून पाहिलं. अर्धा तास झाला तरी तळाशी काही बसेना, पाणी ताकासारखं पांढरट. तो शेठकडे गेला. पावडर माझ्या हातून पडली, टाकी मेली, असं सांगितलं. शेठ तसा वाईट माणूस नव्हे, पण त्याला दम निघत नाही. बोअरचा पाइप लाव, तो म्हणाला, पातळ करून सोडून दे, कोण बघतंय. भाईदासने गटारीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. असलं पाणी मी सोडणार नाही, म्हणाला. नऊ वर्षांत तो शेठपुढे इतकं बोलला नव्हता.

मग शेठने हिशेब सांगितला. साठवणीच्या टाकीत आठ दिवसांचं पाणी मावतं. आठव्या दिवशी साहेब नमुन्याला येणार. तोवर टाकी जिती झाली तर ठीक, नाही तर कारखान्याला टाळं आणि भाईदास कायमचा घरी.

दोन दिवस भाईदासने नुसती हवा चालू ठेवली, पावडर उडून जायला. तिसऱ्या दिवशी धुळ्याला निघाला. तिथल्या एका दूध डेअरीच्या टाकीवर गनी म्हणून त्याचा जुना जोडीदार होता. भरलेले डबे चार आणि हात दोन, म्हणून यशोदाबाईलाही सोबत घेतलं. सामान आणायचंय, एवढंच सांगितलं. गनीने काही विचारलं नाही. आपल्या टाकीतल्या जित्या पाण्याने चार डबे काठोकाठ भरून दिले आणि म्हणाला, रस्त्यात झाकण उघडत राहा भाऊ, नाहीतर जळगावपर्यंत टिकणार नाही.

एसटीत कंडक्टरने विचारलं, डब्यात काय आहे. विरजण, भाईदास म्हणाला, डेअरीचं. कंडक्टरने वास घेतला आणि तुमचं विरजण गेलंय बाबा म्हणत लगेजचं तिकीट फाडलं. मागच्या सीटवर दोघं बसली, पायांशी चार डबे. दुपार कलली होती. खिडकीबाहेर कपाशीची शेतं सरकत होती आणि भाईदासला पुन्हा होडीत बसल्यासारखं वाटू लागलं. तरी दर थोड्या वेळाने तो वाकायचा, एकेक झाकण उघडायचा, काडीने ढवळायचा आणि पुन्हा लावायचा. पारोळा गेलं तेव्हा यशोदाबाईला राहवेना.

"काय शे त्यामा? सारखं सारखं काय उघडतस?"

"त्यांना श्वास घ्यावा लागतो," भाईदास तंद्रीत बोलून गेला.

यशोदाबाईने डब्यात डोकावून पाहिलं. तेच तपकिरी पाणी, तोच ओल्या मातीसारखा वास. एरंडोल आलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्या टाकीमा जीव व्हता. आनि तो मीच मारा."

तिने डोळ्याला पदर लावला. मग एक डबा उचलून मांडीवर घेतला, नव्या लुगड्याची पर्वा न करता, आणि जळगाव येईपर्यंत झाकण तिनेच उघडलं, तिनेच लावलं.

डबे टाकीत ओतले आणि पुढचे चार दिवस गूळ, शेण आणि हवा. सातव्या दिवशी पाण्यावर तपकिरी फेस धरला. आठव्या दिवशी साहेब यायच्या आधी शेठ मागे आला. भाईदासने नळकांडं भरून ठेवलं होतं. अर्ध्या तासात गाळ खाली बसला आणि वर निवळशंख पाणी राहिलं. शेठने ते उन्हात धरून पाहिलं आणि हुश्श केलं.

यशोदाबाईही आली होती, डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी होती. ती पुढे आली.

"शेठ, पावडर यास्नी नही टाकी. मी टाकी."

शेठने भाईदासकडे पाहिलं. भाईदास मान खाली घालून उभा होता.

"नऊ वर्षांत मी तिला कधी सांगितलंच नाही," तो म्हणाला, "की यात जीव आहे. चूक माझीच."

शेठ व्हॉल्व्हकडे बोट दाखवून पुढे निघून गेला. भाईदासने कुलूप काढलं, पाणी सुटलं. यशोदाबाई कठड्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने विचारलं, यांना दिवसातून किती वेळा खायला लागतं. भाईदास सांगू लागला. मग पंगतीचं सांगितलं, होडीचंही सांगितलं. नऊ वर्षांचं साठलेलं होतं. त्या दिवशी दोघांची संध्याकाळची बस चुकली.