दुसऱ्या विहिरीची नोंद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. चाळीस वर्षं होत आली तरी धडकी जात नाही, हे तुम्हाला खरं वाटेल?

मी डॉक्टर. निवृत्तीला आले. नांदेडला डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवते. एकाच गावात एकाला औषध मिळतं आणि दुसऱ्याला का मिळत नाही, हा विषय आमच्याकडे नव्याने सुरू झाला, तेव्हा त्याचा अभ्यासक्रम बनवायचं काम माझ्याकडे आलं. सगळे म्हणाले, मॅडमशिवाय कोण करणार, मॅडमनी खेडी पाहिलीत. पाहिलीत, हो. तेच तर.

तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. ऑफिसांना पाट्या होत्या, बसायला खुर्च्या नव्हत्या. त्यात दुष्काळ. माझी पहिली नेमणूक जळकोटकडच्या एका गावात होती. गावाला विहिरी दोन – एक गावाची, दुसरी ओढ्यापलीकडे बौद्ध वस्तीची. दोन्हींचा तळ दिसत होता. साथ पसरू नये म्हणून विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, तासाभराने पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचा थेंब टाकायचा, पिवळं झालं की क्लोरीन किती उरलं तो आकडा रजिस्टरात लिहायचा. एवढंच काम.

गावच्या विहिरीचं केलं. दुसऱ्या विहिरीपुढे तोच आकडा लिहिला – न जाता.

तुम्ही म्हणाल, आळस. ऊन लई होतं, जीपवाला कुरकुरत होता, हे खरंच आहे. मीही स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आले. पण ऊन काय फक्त ओढ्यापलीकडेच होतं? सांगते... मी उदगीरच्या लिंगायत दुकानदाराची लेक, गळ्यात लिंग घालून वाढलेली. वस्तीत गेलं की कौसल्याबाई पाण्याचा तांब्या पुढे करायची. ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, आणि माझ्यावर तिचा फार जीव होता. मागच्या खेपेला मी तिला निर्जळी उपास आहे म्हणून सांगितलं होतं. दर वेळी कुठला उपास काढणार? म्हणून गेले नाही. शी! लिहिलं एकदाचं.

जीप निघताना तीच आडवी आली. "डॉक्टरीणबाई, आमची हीर ऱ्हायली की."

"सकाळीच झाली," मी म्हणाले. सकाळी ती कामावर होती. तिला कसं कळणार? तिने मान डोलावली आणि घागर घेऊन विहिरीकडे गेली.

आठव्या दिवशी वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. गावात एकालाही काही नाही. कौसल्याबाईची चौथीतली लेक लता माझ्या हातांत गेली. सलाईनला शीर सापडेना. लातूरहून साहेब आले, रजिस्टर पाहिलं. दोन्ही विहिरी ठीक. मग दोष कुणाचा? लोकांच्या सवयींचा. नोकरी जाईल, पोलीस येतील, उदगीरला वडिलांना, अण्णांना तोंड दाखवता येणार नाही... मी फक्त हो हो करत राहिले. साहेब गेल्यावर त्या विहिरीत गुपचूप पावडर टाकून आले. म्हणजे रस्ता मला माहीत होता.

मग हात धुण्याचं महत्त्व सांगायला वस्तीत मलाच पाठवलं. प्यायला पाणी नाही, तिथं! कौसल्याबाई पुढेच बसली होती. सगळं ऐकून घेतलं तिने.

"हात धुतले व्हते, बाई," ती म्हणाली. "लेकीचे बी धुतले व्हते."

मी पुढचा तक्ता उघडला.

यंदा अभ्यासक्रमासाठी जुने कागद चाळताना माझ्या सहकाऱ्याला त्या साथीचा अहवाल सापडला. खाली माझं नाव बघून त्याला केवढा आनंद! त्याने आकड्यांसकट त्याचा धडा केला – दोन्ही विहिरी स्वच्छ, तरी साथ एकाच वस्तीत का? उत्तर, लोकांच्या सवयी. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. मी सही केली.

परीक्षेत तोच प्रश्न आला. जवळजवळ सगळ्यांनी सवयी लिहिल्या, मी मार्क देत गेले. चाकूरकडच्या एका मुलीने मात्र लिहिलं होतं की दोन विहिरींचे आकडे तंतोतंत सारखे येत नसतात, दुसऱ्या विहिरीपर्यंत बहुतेक कुणी गेलंच नसावं. उठून दाराला कडी लावली. हिला कुणी सांगितलं? ही त्या वस्तीतली तर नाही? आडनाव पुन्हा पुन्हा वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी हुशार होती, बस्स.

मी तिला शून्य दिलं.

ती विचारायला आली. उन्हातान्हात काम करणाऱ्यांवर पुराव्याशिवाय असे आरोप करू नयेत, असं मी तिला समजावलं, शांतपणे. ती ओशाळली. "सॉरी मॅडम, चुकलं माझं," म्हणाली.

मी तिला म्हटलं, असू दे, पुन्हा असं लिहू नकोस.