तळहातांची ऊब

सखारामभाऊ माझ्यासमोर स्टुलावर बसले की आधी तळहात एकमेकांवर चोळतात. थंडी असो वा नसो. एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात ते प्रयोगांसाठीचे ससे सांभाळतात, आणि तिथल्या माणसांना तपासायला मी दरवर्षी जाते. गार हाताने उचललं की ससा दचकतो, म्हणून त्यांना ही सवय लागलेली.

यंदा त्यांच्या छातीत शीळ वाजत होती. मनगटांवर लाल गांधी उठल्या होत्या. सशांच्या केसांची ॲलर्जी. प्राणिगृहातल्या पुष्कळांना ती होते.

"हातमोजे, मास्क घालत नाही का?" मी चिडूनच विचारलं.

"घालतो की, मॅडम. फक्त एखाद्या सशाचा शेवटचा दिवस असला की काढतो. त्या दिवशी तरी ओळखीचा हात, ओळखीचा वास नको का?"

चावा, ओरखडा, हवेतले केस यांचा धोका मला जोखता येतो. या उत्तराचं काय करायचं, ते कळेना. ओळखीच्या हातात मरण सोपं होतं का, कोण जाणे!

"आता आत जायचं नाही," मी म्हणाले. "दमा जिवावर बेतेल."

त्यांनी मान हलवली. "नाही जाणार. पण मग त्यांना धरणार कोण?"

उचलायला काही नसतानाही ते हात चोळतच होते.

छाती पुन्हा तपासण्याआधी स्टेथोस्कोपची गार चकती मी थोडा वेळ मुठीत धरली. मग हलकेच त्यांच्या छातीला लावली.

ते दचकले नाहीत.