एक शब्द दुरुस्त करून जा

ग्लेडिसताई गेल्याचा निरोप मला माझ्या फोननं वाचून दाखवला. मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे आलेला प्रत्येक मेसेज फोनच मला वाचून दाखवतो. कल्याणच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी झालेली, स्टाफरूममध्ये डबे उघडलेले, आणि कानात त्यांच्या भावाचा, फ्रान्सिसचा मेसेज आला. ‘ग्लेडिस सकाळी गेली. झोपेतच. संध्याकाळी चर्चमध्ये या.’ एकही अक्षर न चुकता, स्वच्छ मराठीत. काही वर्षांपूर्वी याच आवाजाला ‘सकाळी’ म्हणता यायचं नाही, तो ‘सकाली’ म्हणायचा. त्याला बोलायला शिकवलं ते ग्लेडिसताईंनी आणि त्यांनी गोळा केलेल्या माणसांनी... मी डबा तसाच बंद केला. त्या दिवशी रडलो. पण आज लिहायला बसलोय तर आठवतोय तो सगळा दंगाच. या बाईंच्या सहवासात शांत असं काही नव्हतंच.

आमची ओळख डोंबिवलीत झाली, एका वाचनालयात. दृष्टिहीन माणसं कॉम्प्युटर कसा वापरतात यावर मला बोलायला बोलावलेलं. मी सांगत होतो, की कॉम्प्युटरच्या आणि फोनच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा एक प्रोग्राम आहे, फुकट आहे, जगभरच्या लोकांनी हौसेनं बनवलाय, आणि त्याची आतली सगळी रचना खुली आहे, कोणीही ती सुधारू शकतं. फक्त मराठी तो हिंदीच्या चालीवर वाचतो. मी इतिहास शिकवतो, तर माझ्या मावळ्यांचे ‘मावले’ होतात, आणि टिटवाळा म्हणजे टिटवाला नावाचा कोणी गृहस्थ वाटतो. सभागृह हसलं. मागून एक खणखणीत आवाज आला, ‘‘हसताय काय? कोणीपण सुधारू शकतं म्हणालास ना? मग सुधारलं का नाय कोणी?’’

त्या ग्लेडिसताई. ठाण्याच्या खाडीकडच्या जुन्या गावठाणातलं कॅथलिक घर. त्यांचं अख्खं आयुष्य एका कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात गेलेलं, आणि नुकत्याच निवृत्त होऊन घरी बसलेल्या. बसलेल्या म्हणजे अजिबात न बसलेल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रोग्राम बनवणाऱ्या परदेशी मंडळींना लिहिलं. उत्तर आलं ते त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. मराठी सांभाळणारं कोणी उरलेलं नाही, असंच राहिलं तर पुढच्या आवृत्तीत ही भाषा काढून टाकावी लागेल. म्हणजे मुलांची उत्तरं, शाळेची परिपत्रकं, वर्तमानपत्र, सगळ्यासाठी मी पुन्हा दुसऱ्याच्या सवडीवर. फोनवर ग्लेडिसताई मात्र जवळजवळ ओरडल्या, ‘‘अरे, म्हणजे जागा रिकामी हाय! आपली हाय ती!’’

मग त्यांनी डोंबिवलीत एक हॉल घेतला आणि ओळखीच्या सगळ्या आयटीवाल्यांना बोलावलं. हॉल भरला. मी बोललो, त्या बोलल्या, टाळ्या पडल्या, व्हॉट्सॲप ग्रुप झाला. ग्रुपवर सुप्रभात आलं, अभिमानाचे इमोजी आले, सर्टिफिकेट मिळेल का अशी चौकशी आली. काम आलं नाही. कोणी माहितीच्या पानावर एक स्वल्पविराम बदलून खाली आपलं नाव घालून पाठवलं. आणि कल्याणचा अमोल, चांगला हुशार इंजिनीअर, त्यानं तर मशीनकडून ढीगभर शब्दांचे उच्चार बनवून घेतले आणि एकही न ऐकता पाठवून दिले. परदेशी मंडळी वैतागली. न तपासलेलं काम पुन्हा आलं तर तुमच्याकडून काहीच घेणार नाही, असं त्यांनी सरळ कळवलं.

मला वाटलं, संपलं. ग्लेडिसताईंनी अमोलला फोन केला, मी शेजारीच होतो. आता त्याची खरडपट्टी निघणार म्हणून मी सरसावून बसलो. त्या म्हणाल्या, ‘‘अमोल, तू एकटाच निघालास ज्यानं शब्द तरी पाठवले. रविवारी घरी ये. जेवायलाच ये.’’ फोन ठेवून मला म्हणाल्या, ‘‘चूक आपली हाय रे. आपण लोकांना भाषण दिलं आणि घरी पाठवलं. काम कुठं दिलं?’’

तिथून सगळं बदललं. हॉल बंद. रविवारी दुपारी त्यांच्या घरी, खाडीकडच्या खोलीत, मावतील तेवढीच माणसं. येणाऱ्यानं आपल्याला खटकणारा एकच शब्द आणायचा. माझ्या शेजारी बसून तो प्रोग्रामकडून ऐकायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा ऐकायचा, मी मान डोलावली की पाठवायचा. प्रोग्रामिंग येत नसेल तर ज्याला ते येतं त्याच्या जोडीला बसायचं. शब्द पाठवल्याशिवाय कोणी उठायचं नाही. उठू लागलं की ग्लेडिसताई गरम फुगे भरलेली ताटली पुढं करायच्या. मैद्याचे ते गोल, हलके, तळलेले फुगे हातात आले की माणूस पुन्हा बसायचाच. आणि कोणीही काही पाठवलं की त्याच दिवशी त्याला त्यांचं उत्तर जायचं. त्या म्हणायच्या, ‘‘माणसानं दार वाजवलं आणि आतून कोणी ओ नाय दिली, तर तो परत कशाला येईल?’’

जोगळेकर काकू आल्या त्या खरं तर मैत्रिणीला सोबत म्हणून. डोंबिवलीत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, कॉम्प्युटरशी वैर. ग्लेडिसताईंनी त्यांचं नाव टाइप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, ‘जोगलेकर.’

‘‘काय म्हणाला तो?’’ काकूंचा आवाज चढला.

‘‘जोगलेकर,’’ मी म्हणालो. ‘‘आम्ही रोज हेच ऐकतो, काकू.’’

‘‘रोज? आणि तुम्ही ऐकून घेता? हा बदलल्याशिवाय मी इथून हलणार नाही!’’

खरंच हलल्या नाहीत. अमोल नियम लिहायचा, काकू ऐकून ‘नाही, जीभ आणखी मागे’ म्हणायच्या, जणू कॉम्प्युटरला जीभ होती. कितीतरी वेळ ‘ड’ आणि ‘ल’ यांच्यामध्ये कुठंतरी अडकलेला तो आवाज... आणि एकदम ‘जोगळेकर!’ ठसठशीत. अमोलला भानच राहिलं नाही, सुचेल ते टाइप करत सुटला. कळवा, टिटवाळा, मावळे, डोळा, आभाळ. एक नियम जागेवर बसला आणि मराठीतले सगळे ‘ळ’ एका दुपारी परत आले. आम्ही इतके ओरडलो की शेजारच्यांना वाटलं, इथं मॅच बघतायत.

पुढचं काम चिवट होतं. चमच्यातला ‘च’ वेगळा, चिमट्यातला वेगळा, आणि तो कुठं कोणता हे सांगणारा नियम अर्ध्या वेळा फसायचा. गंमत म्हणजे ‘चूक’ हा शब्दच तो चुकीचा वाचायचा. तिथं एकेक शब्द ऐकूनच सुधारावा लागला. पण आता माणसं हटत नव्हती. काकूंनी त्यांच्या जुन्या शिक्षक मैत्रिणी आणल्या, अमोलनं ऑफिसमधले दोघं आणले, आणि त्या नवख्यांना शेजारी बसवून अमोलच दरडावायचा, ‘‘आधी ऐक. न ऐकता पाठवायचं नाही.’’ नवी आवृत्ती आली तेव्हा मराठी तिच्यात होती. परदेशातून पत्र आलं, इतकं नीट तपासलेलं काम आम्हाला क्वचितच मिळतं, आता तुमच्यापैकी कोणीतरी या भाषेची जबाबदारी घ्या. आम्ही अर्थातच ग्लेडिसताईंकडे वळलो. त्यांनी नाव दिलं काकूंचं आणि अमोलचं. मी चिडलो, ‘‘तुम्ही का नाही?’’

‘‘माझ्यावाचून थांबलं तर आपण केलं काय मग?’’ त्या हसत म्हणाल्या. ‘‘मला माणसं जमवायला मोकळी ठेवा. ते मला जास्त आवडतं.’’

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी ठाण्याला त्यांच्या घरी निघालो तो फ्रान्सिसला भेटायला म्हणून. वाटलं, रविवारचं काम बंद असेल, दोघं बसू. जिन्यातूनच गलका ऐकू आला. काकू होत्या, अमोल होता, दोन अनोळखी आवाज होते, कोणीतरी ‘जहाज’मधल्या दोन्ही ‘ज’वरून तावातावानं भांडत होतं. फ्रान्सिसनं माझा हात धरून मला ग्लेडिसताईंच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं.

आम्ही रोजचे ऐकणारे प्रोग्रामचा आवाज खूप भरभर लावतो, डोळस माणसाला नुसती चिवचिव वाटावी इतका. ग्लेडिसताईंच्या मशीनवर मात्र तो सावकाश बोलतो, त्यांच्या कानाला झेपेल अशा चालीनं, शब्द शब्द सुटा करत. माझा हात सवयीनं वेग वाढवायच्या बटणाकडे गेला... आणि मी तो मागे घेतला. शेजारी पहिल्यांदाच आलेली एक बाई बसली होती, पनवेलची, आपला शब्द घेऊन आलेली. त्या संथ चालीतला एकेक शब्द तिला नीट कळत होता. ‘‘थांबा, थांबा,’’ ती उत्साहानं म्हणाली, ‘‘इथं चुकला बघा तो!’’

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली.