ट्रे पुढे देणाऱ्या उज्वलाताई

उज्वलाताई खरात पाच मिनिटं एका जागी बसल्या तर मी अख्ख्या नेरूळमध्ये साखर वाटेन. आमची मंडळी, म्हणजे नगर-जालन्याकडून आलेली चाळीसेक ख्रिस्ती कुटुंबं, रविवारी शिरवण्यातल्या एका हॉलमध्ये भक्तीला जमतात. तिथे खुर्च्या सरळ करणं, पंखे वाढवणं, पोरांना दटावणं, सगळं ताईच करतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या बलिदानाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. त्यासाठी काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजवून, उकळून, गाळून रसही त्याच करतात.

पण गेलं वर्षभर त्या स्वतः तो रस घेत नव्हत्या. छोट्या प्याल्यांचा ट्रे हातोहात फिरत यायचा आणि ताई तो शेजारणीला देऊन मोकळ्या व्हायच्या. मी मागच्याच रांगेत बसतो, मला दिसायचं.

कारण त्यांनीच एकदा मला सांगितलं. त्यांची आई, राजाबाई, अंथरुणाला खिळली होती. एका पहाटे तिसऱ्यांदा चादर बदलताना ताई ओरडल्या, "सोडव गं मला आता एकदाची!" चौथ्या दिवशी आई गेली. मन मळलेलं असताना त्या प्याल्याला हात लावायचा नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ताईंनी ते गाठीशी बांधलं.

आमचे पाळक नामदेव साळवे यांनी बुधवारी शांत प्रार्थना सुरू केली. "डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. मनात येईल त्याच्याशी भांडू नका. प्रभू तुमच्याकडे जसा बघतो, तसं स्वतःकडे बघा."

तिसऱ्याच मिनिटाला ताईंनी डोळे उघडले. "पाळकसाहेब, मला तीच चादर दिसते."

"दिसू दे. तिथेच प्रभूला बोलवा."

"नाय जमणार मला," म्हणत ताई सतरंज्या झटकायला उठल्या. आम्ही अजून बसलेलोच होतो त्यांच्यावर! पाळकसाहेब हसले, पण मला रागच आला. बाई दुसऱ्याला पोतंभर दया वाटते आणि स्वतःला चिमूटभर देत नाही.

मागच्या महिन्यात ट्रे आला. ताईंनी तो नेहमीसारखा शेजारच्या स्मिताकडे सरकवला. स्मिताच्या सासऱ्यांना, आप्पांना, लकवा आहे. तिने ट्रे धरलाच नाही.

"काल मी आप्पांना नको नको ते बोलले, ताई. तुमच्यासारखी बाई वर्षभर घेत नाय, मग मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्याकडे कोणी बघत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अगं येडे, चुकणाऱ्यांसाठीच मांडलंय ना हे! तू दमलीस, तोंडातून गेलं. प्रभूला कळत नाय का? घे!"

आवाज इतका चढला की पुढे चाललेलं गाणं थांबलं.

"मग तुमी?" स्मिता म्हणाली.

ट्रे दोघींच्या मधे अडकला. कधी नव्हे ते पंखा नाही, खुर्ची नाही, काहीच सुचलं नाही ताईंना. मग त्यांनी प्याला उचलला. अर्धा रस साडीवर सांडला. उरलेला त्यांनी घेतला आणि स्मिताच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आई, दमले होते गं मी," त्या म्हणाल्या.

आई गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या.