लेकीनं आणलेला कोंबडा

आमच्या डोंगरात नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी-जावई माहेरी येतात, ते खच्ची केलेला कोंबडा घेऊनच. आम्ही म्हाताऱ्या गावाच्या तोंडाशी बसून एकेक टोपली निरखतो. कुणाचा केवढा, शेपूट किती लांब, सगळं. दुसरं कामच काय आम्हाला!

शेजारच्या ओनला लेन ही एकुलती एक लेक. ती खाली सपाटीवर, कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत राहते. तिथं कोंबडा कुठं वाढवणार, डोक्यावर? म्हणून तो ओनच वाढवायची. त्या दिवशी सकाळी टोपलीत घालून, मागच्या पायवाटेनं बसच्या फाट्यावर न्यायची आणि लेकीच्या हाती द्यायची. मग धावत घरी येऊन दारात उभी, जशी काही मघापासून वाटच बघतेय. थोड्या वेळानं लेन आणि जावई टोपली मिरवत गावातून यायचे. पाच वर्षं हे नाटक चाललं. मला न कळायला काय झालं? कोंबडा खच्ची करताना त्याचे पाय मीच धरायचे! पण बोलले नाही कधी. नवरा गेल्यावर गावात ओनचा तेवढाच मान उरला होता.

यंदाचा कोंबडा एका वाकड्या बोटाचा. ओननं सहा महिने त्याला मक्याचा भरडा आणि भात चारला. खच्ची कोंबडा आरवत नाही. घरात दोनच जीव, त्यातला एक मुका. तरी ती जेवताना त्याच्याशी बोलत बसायची. "लेन येऊ दे, मग तुझी सुटका," म्हणायची. भिंतीपलीकडून ऐकताना मला मेलं रडू यायचं.

त्या दिवशी दुपार झाली तरी लेन-जावयाचा पत्ता नाही. आणि मग ओनच आली. मागच्या वाटेनं नव्हे, सरळ गावातून, टोपली काखेत घेऊन.

"काय गं ओन, जावई कुठाय?" एकीनं खोचून विचारलं.

"फाट्यापर्यंत आले होते. घाई होती, कोंबडा देऊन परत गेले."

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. माझी जीभ किती तिखट आहे ते गावाला ठाऊक. टोपलीच्या फटीतून ते वाकडं बोट बाहेर आलं होतं.

"अगं बाई, केवढा हा!" मी म्हणाले. "माझ्या एकाही जावयानं एवढा आणला नाही."

तिच्या घरी गेल्यावर तिनं मला खरं सांगितलं. फाट्यावर उभी असतानाच लेनचा फोन आला होता. सासरी पाहुणे आलेत, पुढच्या वर्षी नक्की. मी लेनला दोन शिव्या हासडल्या.

"तिला काही बोलू नका, ताई," ओन म्हणाली आणि चुलीवर पाणी ठेवलं.

कोंबडा अख्खाच उकडला, नवऱ्याच्या फोटोपुढे नैवेद्याला ठेवला, मग त्याचे तुकडे केले. सकाळी लेन-जावयासाठी मांडलेले दोन वाडगे तसेच होते. त्यातल्या एकापुढे तिनं मला बसवलं आणि अख्खी तंगडी माझ्या वाडग्यात घातली.

"खा गं पोरी, दमून आली असशील."

मी ओनपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. मान खाली घालून सगळी तंगडी खाल्ली.